कुत्र्याला कांदा वर्ज्य

कुत्र्यानं काय खावं, हा प्रश्न आमच्या भागात कुणाला पडल्याचं मला आठवत नाही. गाईला काय घालावं, बैलाला काय, गाभण शेळीला काय, हे विचारलं तर लहान पोरही सांगेल. कुत्र्याचं एकच ठरलेलं होतं. घरात जे उरतं ते. भाकरीचा तुकडा, कालवणाचं खरकटं, पोळ्याला पुरणपोळीचा कोपरा, एकादशीला साबुदाणा. माणसाला चालतं म्हणजे कुत्र्याला चालतंच. ह्या समजुतीनं मला एका उन्हाळ्यात इतकं छळलं, की त्या वर्षीचा दुष्काळ त्यापुढं सरळ वाटावा.

चीड जास्त ह्याची येते, की त्यात मीही होते. आष्टी तालुक्यातल्या आमच्या गावात बायकांची दूध संस्था होती आणि मी तिची सचिव. सकाळ-संध्याकाळ दूध घ्यायचं, फॅट मोजायची आणि महिन्यातून एकदा बायकांना बसवून जनावरांच्या खाण्याविषयी चार गोष्टी सांगायच्या, हे माझं काम. "लग्नातला उरलेला भात गाईपुढं ओतू नका गं. तुमचं पोट येगळं, तिचं येगळं," हे मी इतक्यांदा सांगितलं होतं, की मी तोंड उघडलं की मागच्या रांगेतून कुणीतरी वाक्य पुरं करायचं. गाईचं पोट वेगळं, हे मला पाठ होतं. कुत्र्याचंही वेगळं असेल, हे कधी डोक्यात आलं नाही.

त्या वर्षी पाऊस झालाच नाही. संक्रांतीलाच विहिरीचा तळ दिसला आणि कडबा होळीपर्यंतही पुरेना. मग आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. बांबू आणि हिरव्या जाळीचे मांडव, त्यात दावणीच्या रांगा, मधे टँकरनं भरायचा हौद. रोज उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, आणि थोडी पेंड मिळायची. नियम एकच होता. जनावराजवळ घरचं एक माणूस चोवीस तास पाहिजे. माणूस नसलं की दुसऱ्या दिवशी जनावर बाहेर.

आमचे दोन बैल आणि एक गाय होती. नवरा परळीला थर्मलच्या वीजकेंद्रात कंत्राटी कामावर, महिन्यातून एकदा यायचा. मला दोन वेळा दूध संकलन. उरले सासरे. त्यांना मी मामा म्हणायचे, आमच्याकडं तसंच म्हणतात. सत्तरीचे, माळकरी, काटक आणि हट्टी. सासूबाई गेल्यापासून ते शेतातल्या खोलीवरच राहायचे आणि त्यांच्याबरोबर एक कुत्रा. तांबूस, एक कान मोडलेला. त्याला नाव नव्हतं. "यूऽ यूऽ" म्हटलं की यायचा.

छावणीत जायचं म्हटल्यावर मामा म्हणाले, "ह्यो येणार आसंल तर जातो."

"मामा, छावणी जनावरांची आहे."

"मग ह्यो कोण हाय?"

कुत्राही छावणीत गेला. पंधरा दिवसांत मामांचा एकट्याचा उरला नाही, सगळ्या मांडवाचा झाला. दुपारी गावागावांतून डबे यायचे. कुणाचा डबा किती वाजता येतो, हे त्याला माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. ह्या दावणीवर भाकरी, त्या दावणीवर पिठलं, पलीकडं आमटीत कुस्करलेला काला. लोकांना दुष्काळात कुणालातरी काहीतरी देता येतंय, ह्याचंच समाधान होतं. मी बघायचे आणि म्हणायचे, बरं झालं, त्याचा डबा वेगळा आणायला नको.

एप्रिलमध्ये ऊन असं तापलं की बाराच्या पुढं माळावर नजर ठरेना. आमच्याकडं उन्हावर एक औषध. कांदा. भाकरीबरोबर कांदा, ताकात कांदा आणि बाहेर निघताना खिशात कांदा. कुणाला चक्कर आली तर फोडून नाकाला लावायचा, रस तळपायाला चोळायचा. त्या वर्षी कांद्याला बाजारात कुणी विचारत नव्हतं. विहीर आटायच्या आधी जेवढा निघाला तेवढा आमच्या कांदाचाळीत तसाच पडून होता. मी स्कूटीवर एक गोणी टाकून छावणीत नेली आणि वाटून टाकली. सगळ्यांनी दुवा दिली.

कुत्रा जीभ काढून धापा टाकत पडलेला असायचा. मामांना काळजी वाटली. त्यांनी एक कांदा फडक्यात बांधला आणि त्याच्या गळ्यात अडकवला.

"हे काय मामा?"

"माणसाला खिसा हाय. त्याला कुठं खिसा?"

मी हसले. हसले म्हणजे काय, दुसऱ्या दिवसापासून मीच ताकात कांदा किसून एक किटली जास्तीची न्यायला लागले. अर्धी मामांना, अर्धी त्याला. ताक तो आवडीनं प्यायचा. मामा त्याला भाकरीतही कांदा कुस्करून घालायचे, आणि मांडवातल्या प्रत्येक डब्यात कांदा होताच.

पंधरा-वीस दिवसांनी तो डब्यांच्या मागं फिरायचा बंद झाला. हौदाजवळच्या ओलीत पडून राहायला लागला. चारा उतरवायचा ट्रक आला की आधी अर्धा मैल भुंकत पळायचा, आता नुसती मान वर करून बघायचा. शेजारच्या दावणीवर एक मावशी होत्या, दोन म्हशी घेऊन आलेल्या. मुलगा-सून ऊसतोडीवरून परत आले नव्हते. त्यांनी लगेच निदान केलं.

"ताई, त्याला ऊन लागलंय. कांदा द्या."

"देतोय मावशी. रोज देतोय."

"मग कमी पडत आसंल."

कमी पडत होता म्हणून वाढवला. कांद्याचा रस त्याच्या पंज्यांना चोळला. गूळ आणि कांदा एकत्र करून चारला. त्यांच्या पलीकडच्या दावणीवर एक मिशाळ गडी होता. तो मामांना म्हणाला, "आण्णा, पांढरा कांदा द्या. पांढरा लई थंड." मग मी गावभर फिरून पांढरा कांदा शोधला. हे लिहितानासुद्धा मला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

चौथ्या दिवशी मामांचा फोन आला. त्या वेळी दूध संस्थेत कॅन भरायचे चालले होते. मामा कधी फोन करायचे नाहीत, बटणं दिसत नाहीत म्हणायचे.

"पोरी, तो उठंना. मुतला तर काळं पडलं. चहावानी."

"येते."

"डाक्टरला घेऊन ये. आन् ऐक. ह्याला काय झालं तर मी हितं थांबत न्हाई. आधीच सांगून ठेवतो."

मला घाम फुटला तो कुत्र्यासाठी नाही, खरं सांगते. मामा उठून घरी आले असते तर तीन जनावरं छावणीच्या बाहेर, आणि बाहेर चाऱ्याची काडी नव्हती. बैलांना बाजार दाखवण्याशिवाय काही उरलं नसतं. आणि मामा बोलले म्हणजे करणार. कुत्रा जगणं ही आता माझ्या घरची गरज झाली होती.

दूध संघाचा एक जनावरांचा डॉक्टर आमच्या गावांना फिरतीवर असायचा. तरुण, चष्म्याचा, फार बोलायचा नाही. माझ्या बायकांच्या बैठकीला तोच तर माहिती द्यायचा. कुत्रं बघायला चला म्हटल्यावर त्याला नवल वाटलं, पण आला. कुत्र्याजवळ उकिडवा बसून त्यानं त्याचा ओठ वर केला. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, धुतलेल्या फडक्यासारख्या. डोळ्याची पापणी ओढली, तीही तशीच. मग त्याची नजर गळ्यातल्या फडक्यावर गेली.

"हे काय बांधलंय?"

"कांदा," मामा म्हणाले. "उन्हाचा."

"आणि पोटात?"

मामांना वाटलं, आपण किती करतोय हे सांगायची हीच वेळ. "दोन्ही टायमाला देतो, डाक्टर. भाकरीत देतो, गुळासंगं देतो. ताकात किसून ही करून आणती. कमी पडू देत न्हाई."

डॉक्टरनं माझ्याकडं पाहिलं. "ताई, तुम्ही?"

आयुष्यात मला इतकं ओशाळं क्वचित वाटलं असेल.

त्यानं समजावून सांगितलं. कांद्यात जे असतं ते माणसाला पचतं, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी त्यानं फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, तळलेला असो, सगळा सारखाच. लसूणही त्याच जातीचा. एका दिवसात काही दिसत नाही, रोज थोडं थोडं चढत जातं आणि एक दिवस जनावर बसतं. लघवी काळी होते ती फुटलेल्या रक्तामुळं.

"पर कांद्यानं ऊन उतरतं, डाक्टर," मामा म्हणाले.

"माणसाचं उतरत असेल."

"मग ह्याचं कावून न्हाई?"

"मामा, त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो जीभ काढून गार होतो. सावली द्या, प्यायला पाणी द्या, अंगावर ओलं पोतं टाका. बाकी काही नको."

"आमी जलमभर कांदा खाल्ला. आमाला काय झालं?"

माझा संयम सुटला. "मामा, तुम्ही माणूस आहात!"

"आन् तो?"

डॉक्टरनं खाली मान घालून इंजेक्शन भरलं. मला वाटतं तो हसू दाबत होता. त्यानं नळीत थोडं रक्त घेतलं आणि मला बाजूला नेऊन सांगितलं की रक्त फार उतरलेलं दिसतंय, आठवडाभर काही सांगता येत नाही. कांदा-लसूण आजपासून पूर्ण बंद. मीठ, मिरची, तेल, मसाला नको. भाकरी चालेल, पण नुसत्या भाकरीवर त्याचं भागणार नाही. आपण भाकरी-डाळीवर राहतो, कुत्र्याचं मूळ पोट मांसाचं. रोज एक-दोन उकडलेली अंडी द्या, जमलं तर थोडी कोंबडीची कलेजी. रक्त भरायला काहीतरी लागेल.

मामा दहा हातांवर होते, पण ऐकायचं ते बरोबर ऐकू गेलं. "अंडं? हितं? माझ्या दावणीवर?"

पहिला प्रश्न अंड्याचा नव्हताच. तो मांडवाचा होता. मांडवातली चाळीस-पन्नास माणसं कुत्र्याला खाऊ घालायची थांबेनात. मी प्रत्येक दावणीवर जाऊन सांगितलं. सगळे मान डोलवायचे, "व्हय ताई, बरोबर हाय ताई," आणि माझी स्कूटी वळली की कुत्र्यापुढं कालवणाचा काला. आधी तो त्यांच्याकडं जायचा. आता त्याला उठवत नाही म्हणून लोक त्याच्याकडं यायला लागले. आजारी माणसाला भेटायला जावं तसे, हातात काहीतरी घेऊन. मी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहून खांबाला लावलं, 'कुत्र्याला काहीही घालू नये.' दुसऱ्या दिवशी त्याखाली कोळशानं लिहिलेलं, 'आन् आमाला?'

मिशाळ गड्यानं तर दुसऱ्या एकाला माझ्यासमोरच सांगितलं, "डाक्टरला काय कळतंय बे? ते शिकलंय म्हशीवर, औषध देतंय कुत्र्याला."

"भाऊ, तुमची म्हैस फुगली तेव्हा त्यालाच बोलावलं होतं ना?"

"ती म्हैस होती, ताई."

आमच्या सैपाकातून कांदा-लसूण काढलं तर उरतं काय? पाणी आणि मीठ. मी घरून साधी भाकरी दुधात भिजवून आणायचे. कुत्रा एकदा वास घ्यायचा आणि मावशींच्या डब्याकडं तोंड करून बसायचा. महिनाभर लोकांनी त्याची जीभच बिघडवून ठेवली होती. मामाही चोरून द्यायचे. मी पकडलं तेव्हा म्हणाले, "एवढुसा तर दिला. चवीपुरता." डॉक्टरनं पुन्हा रक्त तपासून फोनवर सांगितलं, रक्त अजून उतरतंय. काहीतरी चालूच आहे तुमच्याकडं.

त्या दिवशी मी तणतणत छावणीत पोचले आणि बघते तर मावशी ताटलीत कांद्याचं पिठलं घेऊन त्याच्यापुढं बसलेल्या.

"मावशी! किती वेळा सांगायचं?"

"ताई, त्यो बघतोय माझ्याकडं. मुका जीव हाय. मी कसं न्हाई म्हनू? डाक्टरला हितं बसायला लागत न्हाई त्याच्यासमोर."

काय झालं कोण जाणे, माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, नवस हाय त्याच्यावर. खंडोबाला बोललोय. बरा होईस्तोवर कांदा-लसूण वर्ज्य."

मावशींचा हात तिथंच थांबला. त्यांनी ताटली मागं घेतली, कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "अगं बाई! मग आधी सांगायचं की. एवढं पाप माझ्याकडून करून घेतलं असतंस."

मी वर्षानुवर्षं बैठका घेतल्या, माहितीपत्रकं वाटली, डॉक्टरला उन्हातून आणला, पुठ्ठा लावला. कशानंही जे झालं नाही, ते एका थापेनं तासाभरात झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या छावणीला ठाऊक, की आण्णांच्या कुत्र्यावर खंडोबाचा नवस आहे. कुत्रं खंडोबाचंच, त्यामुळं कुणाला शंकाही आली नाही. मिशाळ गडी खाऊन झाल्यावर हात धुऊन त्याच्या डोक्यावरून फिरवायला लागला, कांद्याचा वाससुद्धा लागू नये म्हणून. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. संताप झाला.

आणि तो संताप पुरता उतरायच्या आत दुसरा फाटा फुटला. दुसऱ्या दिवशी मामा हौदावर गेलेले बघून मी डब्यातून उकडलेलं अंडं काढलं तर चार जण धावत आले.

"ताई, ताई! नवसाच्या कुत्र्याला अंडं?"

"नवस कांद्याचा आहे!"

"कांदा वर्ज्य आन् अंडं चालतं, आसा कुठं नवस आसतोय व्हय?" मावशी म्हणाल्या. बाकीच्यांनी माना डोलवल्या. माझाच नवस, पण त्याचे नियम आता छावणी ठरवणार होती.

मग मी घरी अंडी उकडून, पिवळ्या-पांढऱ्यासकट बारीक कुस्करून, दुधातल्या भाकरीत कालवून न्यायला लागले. कुणी विचारलं तर मुगाची डाळ. मामांचा डबा वेगळ्या पिशवीत, स्कूटीच्या हँडलला, आणि हा डबा डिकीत, दोन फडक्यांत गुंडाळून. पन्नास वर्षांची बाई, संस्थेची सचिव, आणि कुत्र्याची अंडी चोरून नेते आहे.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी दुपारी वाढ्याचा ट्रक आला आणि सगळे रांगेत गेले. मामा गेले नाहीत. माझ्याशेजारी बसून कुत्र्याला खाताना बघत राहिले.

"पोरी, ही डाळ कशाची?"

"मुगाची."

"मुगाला आसला वास येतो? सत्तर वर्सं डाळच खातोय मी. खोटं बोलायचं तर निदान नीट बोलावं मानसानं."

मी डब्याची फडकी घडी करायला लागले.

"नवस बी आसाच?"

"व्हय."

"देवाच्या नावानं?"

"मग काय करू, मामा? डॉक्टरचं कुणी ऐकलं? तुमी ऐकलं? चवीपुरता, चवीपुरता म्हणून तुमीच..."

त्यांनी मला पुरं बोलू दिलं नाही. पुढं वाकून त्यांनी कुत्र्याचा ओठ वर केला, अगदी डॉक्टरनं केला होता तसा. बराच वेळ बघितलं. हिरड्यांच्या कडेला किंचित गुलाबी होतं. मलाही दिसलं.

"ही लाली अंड्यानं आली?"

"कांदा सुटल्यानं आली. अंड्यानं ताकद येते."

"मंग अंडं बंद करू नको," मामा म्हणाले. मला वाटलं, सुटले. पण ते पुढं बोलले, "पर नवस खोटा ठेवायचा न्हाई. बोलली तू. पाळायचा कुणी? त्याला काय कळतं? ज्यानं बोलावं त्यानं पाळावं. त्यो बरा होईस्तोवर कांदा-लसूण तुला वर्ज्य."

मी हसले. ते हसले नाहीत.

"मामा, कुत्र्याच्या रक्ताचा आणि माझ्या कांद्याचा काय संबंध?"

"तुला न्हाई वाटत संबंध. मला वाटतो. आन् देवाच्या नावाचं खोटं ह्या मांडवात आसल्यावर मी हितं झोपणार न्हाई. उद्या येतो घरी."

ह्याला आमच्याकडं धमकी म्हणत नाहीत, श्रद्धा म्हणतात. दोन बैल, गाय आणि कुत्रा, चौघांचा जीव त्यांनी माझ्या कांद्याला बांधला. मी कबूल झाले. दुसरं काय करणार?

मग त्यांनी माझ्यापुढं हात केला. "आण हिकडं. उद्यापासनं आख्खं आणत जा. मी सोलतो. तू कुस्करून आणती, त्यातलं निम्मं डब्यालाच चिकटतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंडं हातात घेतलं. पाल धरावी तसं दोन बोटांत. मान दुसरीकडं, ओठ काहीतरी पुटपुटत. पण सोललं, आणि नीट सोललं. मग टँकरच्या पाण्यानं तीनदा हात धुतले. एवढ्या पाण्यात एका शेळीची तहान भागली असती.

पुढचा दीड महिना मी बिनकांद्याचं खाल्लं. ज्यांना ही गोष्ट साधी वाटते त्यांनी ज्वारीची भाकरी आणि बिनकांदा-लसणाचं पिठलं एक आठवडा खाऊन बघावं. ठेच्यात लसूण नाही, आमटीला फोडणी म्हणजे नुसते जिरे. एका लग्नात मी बुंदी आणि कोरा भात खाऊन उठले. दूध संस्थेतल्या बायका विचारायच्या, "ताई, कशाचं व्रत धरलंय?" मी म्हणायचे, कुत्र्याचं. त्यांना वाटायचं मी चिडून बोलतेय. चिडलेली होतेच, पण खरंही तेच होतं. घरी एकटी असताना खायला कुणाची मनाई होती? कुणाचीच नाही. मामांना कळलंही नसतं. तरी नाही खाल्लं. शब्द दिला म्हणजे दिला, एवढंच. त्यात देव आणू नका.

कुत्र्याचं हळूहळू सावरलं. आधी उठून हौदापर्यंत, मग दावणीच्या टोकापर्यंत. अंड्याच्या ओढीनं तो आता स्कूटीचा आवाज आला की शेपूट हलवायचा. कलेजीचं मात्र मामांनी मान्य केलं नाही ते नाहीच. "अंडं सोलतो त्यातच मला शंभर येळा नाव घ्यावं लागतं," म्हणाले. मीही ताणलं नाही.

जूनच्या मध्यावर, आभाळ भरून यायचं आणि तसंच निघून जायचं तेव्हा, डॉक्टर आला. ओठ वर केला, पापणी पाहिली, रक्ताचा कागद खिशातून काढून वाचला.

"बरा आहे. चांगला भरून निघालाय."

मावशींनी लांबूनच हात जोडले. "नवस पावला!"

मिशाळ गडी म्हणाला, "खंडोबाचा नवस वाया जातोय व्हय?"

डॉक्टर माझ्याकडं बघायला लागला. सहा खेपा, इंजेक्शनं, रक्त तपासणी, आणि श्रेय कुणाला? मी त्याला म्हटलं, "डॉक्टर, चहा घ्या." एवढंच माझ्या हातात होतं.

त्यानं चहा घेतला आणि जाताना मामांना बजावलं, "कांदा-लसूण मात्र आता जन्मभर बंद. पुन्हा दिलात तर पुन्हा हेच."

मामा विचारात पडले. माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजे मग नवस बी जलमभराचा झाला की."

"मामा! नवस बरा होईस्तोवरचा होता. डॉक्टर आत्ता काय म्हणाले? बरा आहे."

"जलमभर बी म्हणाले."

"ते कुत्र्याला म्हणाले!"

मी मावशींच्या टोपलीतला एक कांदा उचलला, खाली दगडावर ठेवला आणि बुक्कीनं फोडला. मीठ घेतलं, मामांच्या डब्यातली अर्धी भाकरी घेतली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून खायला बसले. दीड महिन्यांनी. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्याचं होतं. मावशी बघत होत्या. कुत्रा वास घेत आला आणि माझ्या हाताला तोंड लावायला लागला.

मामांनी त्याला मानेला धरून मागं ओढलं आणि मांडीशी दाबून बसवलं.

"न्हाई रे. ते तिचं हाय. आपलं पोट येगळं आन् तिचं येगळं."

'आपलं' म्हणाले. मामा आणि कुत्रा एका बाजूला, मी दुसऱ्या. मी दुरुस्त करायला तोंड उघडलं, मग तोंडात घास होता म्हणून राहू दिलं.